त्याला मोहरी चालत नाही

सान रोक्कू बँड क्लबचं फेसबुक पान जॉर्जिना स्केम्ब्रीच्या हाती आलं त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत तिने त्याचा पार कायापालट करून टाकला होता. आधी तिथे असायचं काय? कमिटीच्या सभेची नोटीस. तीही भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढून टाकलेली, आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा जाडजूड अंगठा. आता तिथे व्हिडिओ होते, बँडच्या तालमी होत्या, पताका शिवणाऱ्या बायकांच्या मुलाखती होत्या. मेलबर्न आणि टोरंटोला गेलेले गाववाले रात्री-अपरात्री उठून बघायचे आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लावायचे.

सोळा वर्षांच्या जॉर्जिनाला स्वतःचंच नवल वाटायचं. गेल्या वर्षापर्यंत ती बँडच्या शेवटच्या रांगेत क्लॅरिनेट वाजवायची, तीसुद्धा अशी की शेजारच्याला वाटावं ही नुसती फुंकायचं नाटक करतेय. मार्चमध्ये बँडमास्तरांनी तिला एकदा एकटीला वाजवायला उभं केलं. ती वाजवत गेली, आणि संपल्यावर पाहते तर अख्खा हॉल तिच्याकडे वळून बघत होता. ‘त्या दिवशी जे तोंड उघडलं,’ तिची आई सगळ्यांना सांगायची, ‘ते अजून मिटलेलं नाही.’

फेस्ताच्या, म्हणजे गावच्या संताच्या जत्रेच्या आठवड्यातला सोमवार. आदल्या दिवशी सान रोक्कूची मूर्ती चर्चमधल्या कोनाड्यातून बाहेर काढली होती. हातात काठी, गुडघ्यावर जखम, आणि पायाशी तोंडात पाव धरून बसलेला सोनेरी मुलाम्याचा लाकडी कुत्रा. तो क्षण जॉर्जिनाने स्टुलावर स्टूल ठेवून, वर चढून टिपला होता. तिच्या मते आजवरचा तिचा सर्वांत भारी व्हिडिओ. सकाळी डोळे चोळत तिने फोन उघडला. सातशे लाइक! ती खाली सरकली. हृदयं, टाळ्या, हिरवे झेंडे. आणि मग:

‘त्याला मोहरी चालत नाही.’

त्याखाली दुसऱ्या कोणाचं: ‘त्याला मोहरी चालत नाही.’

मग तिसरं, चौथं. तिने मोजली. एकूण एकेचाळीस. सगळी लाल झेंड्याची माणसं.

बेटावरच्या या हाल बर्दीन गावात माणूस एक तर हिरवा असतो, नाही तर लाल. हिरवे सान रोक्कूचे, लाल सांता बार्बराचे. दोन्ही क्लब एकाच चौकात, समोरासमोर. लालांचा फेस्ता जुलैत. त्या दिवशी हिरवी घरं दारं-खिडक्या लावून समुद्रावर पोहायला जातात. ऑगस्टमध्ये हिरव्यांचा, तेव्हा लाल लोक जातात. ज्यांना जायचं नसतं ते आपापल्या क्लबात खुर्च्या उलट्या करून, रस्त्याकडे पाठ करून बसतात. मिरवणूक नाकासमोरून गेली तरी वळून बघायचं नाही. जॉर्जिनाच्या घराण्यातल्या कोणीही लाल क्लबच्या आत आजवर पाऊल टाकलेलं नव्हतं. लग्न, बारसं, मयत, काहीही असो.

तेव्हा लालांनी टोमणे मारावेत यात तिला नवीन काही नव्हतं. पण टोमणा कळायला तर हवा! ‘तुमचा बँड बेसूर’ म्हणा, ‘तुमचे फटाके फुसके’ म्हणा, तिच्याकडे उत्तरं तयार होती. पण ‘त्याला मोहरी चालत नाही’ याला माणसाने म्हणायचं काय? कोणाला? कसली मोहरी?

तिने इंटरनेट पालथं घातलं. मोहरीची ॲलर्जी, मोहरीचं तेल, मोहरीने संधिवात बरा होतो म्हणणारा एक माणूस. या वाक्याचा कुठे पत्ता नाही.

ती आजोबांकडे गेली. नन्नू लेली गॅलरीत बसून ट्रॉम्बोनला तेल देत होते.

‘नन्नू, त्याला मोहरी चालत नाही म्हणजे काय?’

आजोबांचा हात थांबला. खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि आईला पाणी घेऊन धावावं लागलं.

‘कुठे ऐकलंस हे?’

‘आपल्या पानावर. एकेचाळीस वेळा.’

‘अरे देवा. फोनवरसुद्धा पोचलं होय?’ त्यांनी डोळे पुसले. ‘ऐक, कार्मनूला दाखवू नकोस.’

‘सुर कार्मनूंना? का?’

‘दाखवू नकोस म्हटलं ना. आणि जा आता, मला तालीम आहे.’

तालीम संध्याकाळी होती. जॉर्जिना काय ते समजली.

सुर, म्हणजे श्रीयुत, कार्मनू झेराफा हे क्लबचे अध्यक्ष. सदुसष्ट वर्षांचे, ताठ, इस्त्रीचा शर्ट, आणि मिशी अशी की तिलाही रोज सकाळी इस्त्री करत असावेत. फेसबुक हा शब्द ते दोन बोटांत धरून लांब टाकल्यासारखा उच्चारायचे. पान जॉर्जिनाला द्यायला शेवटपर्यंत त्यांचाच विरोध होता. शेवटी एका अटीवर तयार झाले: ‘समोरच्यांना उत्तर द्यायचं नाही. एकदाही नाही. उत्तर गेलं की पान गेलं.’ आणि पान गेलं तर रविवार गेला. कारण येत्या रविवारी मूर्तीची मिरवणूक जॉर्जिना पहिल्यांदाच थेट दाखवणार होती. तशी तिने मोठ्या अक्षरांत घोषणाही करून टाकली होती. मेलबर्नच्या लुचीया मावशीने तर शेजारच्या सहा घरांना बोलावून ठेवलं होतं.

दुपारी ती मेलानीला भेटली. मेलानी तिची वर्गातली जिवाची मैत्रीण, आणि अंगभर लाल. दोघींचा करार होता: फेस्ताच्या आठवड्यांत भेटायचं ते गावाबाहेर, बसथांब्यामागच्या खरनूबाच्या झाडाखाली, आणि संतांचा विषय काढायचा नाही.

‘मी करार मोडतेय,’ जॉर्जिना म्हणाली. ‘एकच प्रश्न.’

‘मोहरी?’

‘तुला माहितेय!’

‘अर्थ मला कसा माहीत असणार? मी पण नुसतं लिहिलं ना काल.’ मेलानीने झाडाच्या चिंचेसारख्या दिसणाऱ्या शेंगेचा एक तुकडा मोडून सहज तोंडात टाकला.

‘तू लिहिलंस? आणि अर्थ माहीत नाही?’

‘अगं, माझा भाऊ लिहितो, बाबा लिहितात, सगळेच लिहितात. तुमच्या फेस्ताचं काही आलं की लिहायचं. मी भावाला विचारलं होतं. तो म्हणाला, बाबांना विचार. बाबा म्हणाले, असंच असतं ते.’

‘म्हणजे तुम्ही सगळे आम्हाला चिडवताय, आणि कशावरून ते तुम्हालाच ठाऊक नाही!’

‘पण तुम्ही चिडता ना? मग झालं की.’

जॉर्जिना शेंग चावत विचार करू लागली. आणि विचार करता करता तिची नजर झाडापलीकडे, गावाच्या तोंडाशी टांगलेल्या नव्या पताकांवर गेली. यंदा क्लबने सगळा रस्ता नव्या पताकांनी सजवला होता. हिरव्या मखमलीला काठ होता पिवळा. नुसता पिवळा नव्हे, बाटलीतल्या मोहरीच्या सॉससारखा, किंचित मातकट पिवळा.

‘पताका!’ ती इतक्या जोरात ओरडली की थांब्यावरची बाई दचकली. ‘मेलानी, पताका! तो म्हणजे सान रोक्कू. त्याला मोहरी चालत नाही, म्हणजे आमच्या पताकांचा रंग त्याला शोभत नाही! तुम्हाला जळायला होतंय!’

‘असेल बाई,’ मेलानी म्हणाली. ‘रंग तसा थोडा पोट बिघडल्यासारखाच आहे.’

कोडं सुटल्याचा आनंद मोठा वाईट. तो माणसाला बसू देत नाही. जॉर्जिना घरी पोचली तेव्हा अध्यक्षांची अट तिला आठवत होती; नाही असं नाही. पण तिने स्वतःला समजावलं की हे काही उत्तर नव्हे. ही साधी माहिती आहे. आणि तिने पताकांचा सुंदर फोटो टाकून वर लिहिलं:

‘आमच्या सान रोक्कूला मोहरी फार आवडते! जितकी जास्त तितकी चांगली! घेऊन या!’

पाच मिनिटांत तीनशे हसरे चेहरे. सगळे लाल असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांत हिरवेही होते. साठीच्या पुढचे, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे हिरवे. बँडमास्तर. चर्चमधली घंटा वाजवणारा. आणि नन्नू लेली, ज्यांना फोनवर हसरा चेहरा कसा दाबायचा तेही येत नाही असं घरात सगळे समजत होते.

रात्री मेलानीचा निरोप आला. ‘जॉर्जिना, मी मागे मागे जाऊन बघितलं. ते वाक्य सहा वर्षांपूर्वीच्या फोटोंखालीपण आहे. तेव्हा तुमच्या पताका पांढऱ्या होत्या.’

मंगळवारी सकाळी सान रोक्कू क्लबच्या पायऱ्यांवर मोहरीच्या सॉसच्या सतरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात लाल रिबीन.

सुर कार्मनू त्या बाटल्यांसमोर उभे होते. जॉर्जिनाला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे कान तेवढे लाल झाले होते, आणि मिशी अगदी स्थिर होती.

‘पासवर्ड,’ ते म्हणाले.

त्यांनी खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. जॉर्जिना एकेक अक्षर सांगत गेली आणि ते शाळेतल्या मुलासारखे एकेक अक्षर लिहीत गेले. मध्येच तीन उद्गारचिन्हं आली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तीनही?’

‘तीनही,’ जॉर्जिना म्हणाली. तिचा आवाज परत शेवटच्या रांगेत जाऊन बसला होता.

‘रविवारचं ते दाखवणं रद्द,’ ते म्हणाले, आणि एक बाटली उचलून, तिच्याकडे न बघता आत निघून गेले.

तो आख्खा दिवस जॉर्जिना पलंगावर पडून होती. संध्याकाळी उठली ती एकाच विचाराने: आपण चिडलो कशावर तेही ठाऊक नव्हतं, उत्तर दिलं कशाला तेही ठाऊक नाही, आणि सुर कार्मनूंना नेमकं काय दुखलं तेही ठाऊक नाही. माफी मागायची तरी कशाची मागायची? अर्थ कळल्याशिवाय ‘चुकलं’ म्हणणं म्हणजे मेलानीने ते वाक्य लिहिण्यासारखंच की.

बुधवारी तिने मेलानीला झाडाखाली गाठलं. ‘तुमच्यातलं सगळ्यात म्हातारं कोण? ज्याची स्मरणशक्ती धड आहे असं.’

‘विस्तीनकाका. क्लबच्या बारवर असतात. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, पण कोणी किती साली किती उधार ठेवलं ते सांगतील.’

‘त्यांना इथे आण.’

‘ते बार सोडून कुठे येत नाहीत. डॉक्टरलासुद्धा तिथेच बोलावतात.’

दोघींनाही कळत होतं आता काय करावं लागणार.

‘मी तुझ्या मागेच असेन,’ मेलानी म्हणाली.

‘पुढे हो ना!’

दुपारचे चार. चौकात चिटपाखरू नव्हतं. सांता बार्बरा क्लबच्या दाराला चार पायऱ्या आहेत. जॉर्जिनाने त्या मोजल्या, कारण प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं की आता वरून काहीतरी कोसळणार: निदान सान रोक्कूची काठी. काही कोसळलं नाही. दारात मण्यांचा पडदा होता, तो खुळखुळला, आणि आतल्या पत्त्यांच्या चारही टेबलांवरच्या माना एकदम वळल्या.

‘ही लेलीची नात ना?’ कोणीतरी म्हणालं.

‘पताकावाली!’

‘बस गं पोरी, मोहरी देऊ का?’ आणि हशा उसळला.

जॉर्जिनाचे कान तापले. पण आता आत आलोच आहोत, तिला वाटलं, तर निदान आवाज तरी बाहेर काढू. ती सरळ बारपाशी गेली. पलीकडे एक लहानखुरे म्हातारबुवा ग्लास पुसत होते.

‘सुर विस्तीन, मी अर्थ विचारायला आलेय. माझं पान गेलं त्याच्यापायी, तेव्हा फुकट सांगणार नाही म्हणत असाल तर मी एक लिंबू सरबत घेते.’

म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘दारातून आलीस?’

‘मग कुठून येणार?’

‘चौतीस वर्षांपूर्वी तुझ्या अध्यक्षाला हे सुचलं असतं,’ विस्तीन म्हणाले, ‘तर आज कोणाला काही लिहायलाच उरलं नसतं. बस.’

पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते उपडे ठेवले. मेलानी खुर्ची ओढून पुढे सरकली. लालांमधल्या पोरांनाही हे आज पहिल्यांदाच कळणार होतं.

‘त्या वर्षी तुमचा लाकडी कुत्रा मुलामा द्यायला पाठवला होता,’ विस्तीन सांगू लागले. ‘तीन गावं पलीकडच्या कारागिराकडे. आता त्या गड्याच्या स्वतःच्या गावचा फेस्ता तुमच्या आदल्या दिवशी. मग काय! दुकानाला कुलूप, किल्ली खिशात, आणि तो कुठल्या गर्दीत नाचतोय ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. इकडे मिरवणूक उद्यावर आली, आणि सान रोक्कूच्या पायाशी कुत्रा नाही. कमिटीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. असं आम्ही ऐकलं, बघितलं नाही. आम्ही बघत नसतो.’

‘मग?’

‘कार्मनूकडे कुत्रा होता. बोबी. तपकिरी, साधाच, पण बुद्धी माणसाची. कार्मनू तेव्हा तेहतीस वर्षांचा, बँडमध्ये ढोल वाजवायचा, एकटा राहायचा. त्याला तो कुत्रा म्हणजे सगळं. तो म्हणाला, माझा बोबी बसेल. रात्रभर त्याने बोबीला तोंडात पाव धरून बसायला शिकवलं. आणि खरंच, रविवारी चर्चपासून चौकापर्यंत तो कुत्रा मूर्तीच्या पायाशी बसला, तोंडात पाव, हलला नाही. लोक रडले म्हणे.’

‘म्हणे,’ मागून कोणी तरी म्हणालं, आणि परत हशा झाला.

‘आता तुमची खोड तुला माहीत आहे. खांदेकरी मूर्ती दांड्यांच्या टेकूवर ठेवून दम घेतात, तो नेमका कुठे? आमच्या दारासमोर. आणि मुद्दाम सगळ्यात जास्त वेळ. आम्ही जळावं म्हणून. बँड वाजतोय, फटाके वाजताहेत, आणि आम्ही आत पाठ करून बसलोय. पण मी तेव्हा शेगडीवर सॉसेज भाजत होतो.’

जॉर्जिनाने तोंडावर हात ठेवला.

‘पाव पडल्याचा आवाज नाही आला. पडदा खुळखुळला तेवढा. वळून पाहतो तर सान रोक्कूचा कुत्रा माझ्या बारपाशी, गळ्यात हिरवी रिबीन, शेपूट हलवतोय. पन्नास वर्षांत आमच्या क्लबात आलेला पहिला हिरवा!’

आता टेबलं बडवून हसणं चाललं होतं. मेलानी पोट धरून बसली होती. जॉर्जिनालाही हसू आवरेना.

‘आम्ही त्याला सॉसेज दिलं. मग दुसरं दिलं. बाहेर बँडने तेच गाणं चौथ्यांदा सुरू केलं होतं. आणि दाराबाहेर कार्मनू.’ विस्तीननी दाराकडे बोट केलं. ‘पायऱ्यांच्या खाली. घामाघूम, डोक्यावर बँडची टोपी. शिट्टी मारतोय, नाव घेतोय, टाळी वाजवतोय. कुत्रा एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा शेगडीकडे. चार पायऱ्या चढायच्या होत्या, पोरी. चार. उचलायचा आणि न्यायचा. मी म्हणालोसुद्धा, ये की आत. पण तुमच्या कमिटीतले सगळे त्याच्या मागे उभे राहून बघत होते. तो वर येईना. आणि आम्ही तरी काय, कुत्रा बाहेर नेऊन द्यायला आम्ही हिरव्यांच्या मिरवणुकीत पाय ठेवायचा? छे! तेव्हा एक जण तिसरं सॉसेज घेऊन उठला, त्यावर सॉस ओतायला लागला. तेवढ्यात कार्मनू बाहेरून ओरडला. आयुष्यात आमच्याशी बोललेलं त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. “त्याला मोहरी चालत नाही!”’

हसणं याच वेळी उसळायला हवं होतं. उसळलं नाही. पत्तेवाल्यांपैकी एकाने घसा खाकरला.

‘कुत्रा गेलेला, लाज गेलेली, सगळं गाव बघतंय,’ विस्तीन म्हणाले, ‘आणि त्याला काळजी कशाची, तर बोबीचं पोट बिघडेल. आम्ही खूप हसलो त्या दिवशी. पण सॉस पुसून काढला, आणि मग दिलं. मूर्ती कुत्र्याविनाच चर्चमध्ये परतली. बोबीला रात्री चर्चमागे सोडून आलो. त्यानंतर मग काय, कोणी तरी भिंतीवर लिहिलं, कोणी गाण्यात घातलं, आणि पोरांनी फोनवर. पोरांना ठाऊक नाही, म्हणून ती थांबत नाहीत. ठाऊक असलेले आम्ही उरलो किती?’

बाटल्यांच्या फळीवर, सांता बार्बराच्या तसबिरीच्या थोडं खाली, एक छोटी चौकट होती. जॉर्जिना पंजांवर उभी राहिली. तपकिरी कुत्रा, गळ्यात रिबीन, तोंडात सॉसेज, डोळे कॅमेऱ्याकडे. तिने नकळत फोन काढला. विस्तीननी तळहात आडवा धरला.

‘फोटोचा फोटो नाही. बघायचा असेल त्याने इथे येऊन बघावा. चौतीस वर्षं पुसतोय मी ती काच.’

गुरुवारी सुर कार्मनू क्लबच्या माडीवर एकटेच बसून पितळी दिवे घासत होते. जॉर्जिना दारात उभी राहिली. क्लॅरिनेट वाजवायच्या आधी घ्यायचा तसा तिने श्वास घेतला.

‘मी चुकले. पताकांचं मी मनानेच ठरवलं. आता मला खरं काय ते कळलंय, म्हणून माफी मागायला आलेय. आधी मागितली असती तर ती नुसती तोंडदेखली झाली असती.’

‘कोणी सांगितलं?’

‘सुर विस्तीननी.’

हातातलं फडकं थांबलं. ‘तो बार सोडून कुठे जात नाही.’

‘नाही जात.’

खाली चौकात कोणी तरी शिडी ओढत नेत होतं.

‘आत गेलीस?’ सुर कार्मनूंचा आवाज बारीक झाला होता.

‘हो.’

‘समोरच्या दारातून?’

‘हो.’

ते दिव्याकडे बघत राहिले. मग एकदम, लहान मुलाने विचारावं तसं, त्यांनी विचारलं, ‘आत कसं आहे?’

जॉर्जिनाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. ‘आपल्यासारखंच. त्याच खुर्च्या आहेत, तोच पंखा, तसाच आवाज करणारा. सरबत जरा गोड आहे. आणि बोबीचा फोटो आहे. फळीवर, काचेत लावलेला.’

‘बोबीचा?’

‘रिबीन बांधलेला. कान असे, एक वर एक खाली.’

‘डावा खाली,’ सुर कार्मनू म्हणाले. त्यांनी दुसरा दिवा घेतला, घासला, ठेवला. मग घासून झालेलाच परत उचलला. ‘माझ्याकडे एकही नाही त्याचा. तेव्हा कुठे लोक कुत्र्यांचे फोटो काढायचे.’ थोड्या वेळाने त्यांनी खिशातली वही काढली, पासवर्डचं पान फाडलं आणि तिच्यापुढे धरलं. ‘मला उघडताच आलं नाही ते. ती तीन चिन्हं सापडेनात. घे. आणि यापुढे आधी विचारायचं, मग लिहायचं.’

‘सुर कार्मनू, फोटो ते काढू देत नाहीत. मी प्रयत्न केला. ते म्हणाले—’

‘काय म्हणाले ते मला सांगू नकोस,’ ते म्हणाले. ‘जा, तालीम कर.’

रविवारी संध्याकाळी सात वाजता, ऊन अजून गच्च्यांवर असताना, मूर्ती चर्चच्या दारातून बाहेर आली. आकाशात धूर, गॅलऱ्यांतून कागदाच्या चिठोऱ्यांचा पाऊस, आणि मूर्तीच्या पुढे उलटं चालत, फोन धरून जॉर्जिना. क्लॅरिनेट पाठीला बांधलेली. वाजवणं आणि दाखवणं दोन्ही जमणार नाही हे बँडमास्तरांनी मान्य केलं होतं. तीन हजार दोनशे माणसं बघत होती. लुचीया मावशीने एकटीने पन्नास हृदयं पाठवली होती.

चौकात, सांता बार्बरा क्लबच्या दारासमोर, खांदेकऱ्यांनी नेहमीप्रमाणे मूर्तीखाली टेकूचे दांडे लावले आणि घाम पुसला. बँडने नेहमीप्रमाणे सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं धरलं. मण्यांच्या पडद्याआड लाल शर्टांच्या पाठी दिसत होत्या. सुर कार्मनू मिरवणुकीच्या अग्रभागी होते, छातीवर हिरवा पट्टा. ते दाराकडे तोंड करून उभे राहिले.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग नन्नू लेलींनी ट्रॉम्बोन तोंडापासून खाली घेतला.

सुर कार्मनू पहिली पायरी चढले.

जॉर्जिनाने फोनवरचा आकडा पाहिला. तीन हजार दोनशे माणसं! सगळ्या आयुष्यात इतकं भारी दृश्य तिला परत मिळणार नव्हतं, आणि ते फक्त अर्धा हात उजवीकडे होतं. कॅमेरा नुसता वळवायचा. हे दृश्य उद्या अख्ख्या बेटावर फिरलं असतं. त्याखाली कोणी काय काय लिहिलं असतं, आणि तीस वर्षांनी कोणा पोरीने विचारलं असतं, याचा अर्थ काय?

तिने फोन डावीकडे वळवला. लाकडी कुत्र्याच्या सोनेरी चेहऱ्यावर नेमका लावला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

उजव्या कानाने तिने पडद्याचा खुळखुळाट ऐकला. खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकला, खूप खुर्च्या, एकाच वेळी. बँडमास्तरांनी प्रसंग ओळखून तेच गाणं परत सुरुवातीपासून धरलं.

‘झालं का?’ एक खांदेकरी दात आवळून पुटपुटला. ‘सगळं वजन काही दांड्यांवर नसतं, निम्मं आमच्याच खांद्यावर असतं!’

‘अजून एक वेळ वाजवा,’ नन्नू लेली म्हणाले. ‘हळू वाजवा.’

‘हळू कशाला, खांदे गेले आमचे!’

पडद्याच्या फटीतून मेलानीने डोकं काढलं. तिचे डोळे चमकत होते. तिने जॉर्जिनाकडे बघून अंगठा वर केला आणि परत आत गडप झाली. आतून कोणी तरी हसल्याचा आवाज आला, मग अनेक जण, आणि त्यांत एक हसणं असं होतं की ते सान रोक्कू क्लबातल्या कोणीही कधी ऐकलेलं नव्हतं. जाड, घोगरं, मिशीतून येणारं.

गाणं पाचव्यांदा सुरू झालं तेव्हा सुर कार्मनू बाहेर आले. मिशीला बिअरचा फेस होता. ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगायची कोणाची हिंमत नव्हती. त्यांनी पट्टा सरळ केला, चार पायऱ्या उतरून आपल्या जागेवर उभे राहिले, आणि समोर बघत म्हणाले, ‘काय बघताय? उचला.’

मूर्ती उठली. फोनवर प्रश्नांचा ढीग साचला होता. सगळ्यात वर लुचीया मावशीचा: ‘पोरी, नऊ मिनिटं झाली, नुसता कुत्राच बघतोय आम्ही. नेट अडकलं का तुमचं?’

जॉर्जिनाने अंगठ्याने लिहिलं, ‘हो मावशी, आता सुटलं,’ आणि कॅमेरा समोरच्या रस्त्याकडे वळवला.